हनुवटीपाशी धरलेलं मीटर

"मग या तिघांतलं खरं कोण बोलतंय, मास्तर?"

दस्तगीर मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात एक जुना कॅमेरा पोट उघडून पडला होता आणि चिमट्याच्या टोकाला केसाएवढी स्प्रिंग थरथरत होती.

जिनदत्तनं पुन्हा विचारलं. आता आवाज जरा चढला होता.

"तिघंही," मास्तर म्हणाले.

"तिघं तीन आकडे सांगतायत."

"सांगणारच की. तू तिघांना तीन प्रश्न विचारलेस."

आणि ते पुन्हा स्प्रिंगच्या मागे लागले…

मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत मास्तरांची ही एवढीशी खोली. शेजारी तंबोरे करणाऱ्याचं दुकान, त्यामुळे दारात कायम भोपळे वाळत पडलेले. आत मात्र कॅमेरेच कॅमेरे. दुरुस्तीला आलेले, न्यायला कुणी परत न आलेले. पंचक्रोशीतल्या निम्म्या फोटोग्राफरांनी इथंच हात काळे करून घेतले होते, म्हणून ते मास्तर.

टेबलावर जिनदत्तनं तीन लाइट मीटर ओळीनं मांडली होती. फिल्मच्या कॅमेऱ्याला पाठीमागे पडदा नसतो. काढलेला फोटो तिथल्या तिथं बघायची सोय नाही. उजेड किती, हे आधी मोजून घ्यायचं आणि मग बटण दाबायचं. चुकलं तर ते रोल धुतल्यावरच कळणार. त्या मोजण्यासाठीच ही हातात मावणारी यंत्रं.

पहिलं त्याचंच, जुनाट, बॅटरी न लागणारं, काचेवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं असलेलं. दुसऱ्याच्या कपाळावर अर्ध्या चेंडूसारखा पांढरा घुमट आणि खाली काटा. तिसरं पिस्तुलासारखं, डोळ्याला लावायचं, लांबूनच नेम धरायचा, की सुपारीएवढ्या जागेवरचा उजेडसुद्धा आकड्यात सांगणार. दोन त्यानं पुण्याच्या एका माणसाकडून पसंत नाही पडली तर परत करायच्या बोलीवर आणली होती. त्याचं मन पिस्तुलावर बसलं होतं. हे त्यानं सांगितलं नव्हतं, पण बोलता बोलता तो सारखा तेच उचलायचा आणि भिंतीवर, भोपळ्यांवर, मास्तरांच्या टोपीवर नेम धरायचा.

"खाली ठेव ते," मास्तर म्हणाले. "माशी बसू देत नाहीयेस कुठं."

जिनदत्त मगदूम लग्नांच्या फोटोंत नाव कमावलेला माणूस. चार तालुक्यांत त्याची तारीख आधी घेतात आणि मुहूर्त मग काढतात, असं लोक थट्टेनं म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. सोळाव्या वर्षी तो याच खोलीत शिकायला लागला. पंचविसाव्या वर्षी, फिल्मचा जमाना संपला मास्तर, असं सांगून बाहेर पडला. त्यानंतर ईदेला शिरखुर्म्यापुरता यायचा, तेवढंच.

आता मात्र आठवडाभरात ही तिसरी खेप होती. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं त्याला. रात्री डोळा लागत नव्हता, दिवसा एका जागी बूड टेकत नव्हतं.

कारण उद्या सकाळी त्याच्या आईची दीक्षा होती.

राजमतीबाईंनी पाच महिन्यांपूर्वी, दशलक्षण पर्व संपलं त्या दिवशी, घरी सांगितलं होतं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागून झाली आणि त्याच ओघात त्या म्हणाल्या, की आता मला सोडा. सून त्रिशला रडली. जिनदत्त उठून स्टुडिओवर गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं, तुझी मर्जी, एवढे दोन शब्द सांगितले. संमती म्हणून दीक्षा देणाऱ्या महाराजांना तेवढे पुरले. त्यानंतर मात्र तो आईशी कामापुरतंच बोलला, तेही दारात उभा राहून. ताट स्टुडिओवर मागवून घ्यायचा.

व्रत घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा येतो, आणि कधी कधी तो घरच्यांच्या चेहऱ्यावरून घेतल्यासारखा येतो. तसंच झालं होतं.

उद्यापासून ती त्याची आई राहणार नव्हती. आर्यिका, म्हणजे जैन साध्वी होणार, नाव नवं मिळणार. केस हातानं उपटून काढणार. दोन साड्या, मोरपिसांची पिंछी, कमंडलू, आणि पायी विहार. पुरुषाचा स्पर्श चालणार नाही, पोटच्या मुलाचासुद्धा. नमस्कार करायचा तो हातभर अंतरावरूनही नव्हे, चांगला लांबून. आणि आज संध्याकाळी साडेपाचला साध्वींच्या संघातल्या ताया तिला न्यायला येणार होत्या. आजची रात्र दीक्षेच्या मंडपामागच्या खोलीत. घराचा उंबरा ती परत ओलांडणार नव्हती.

त्याआधी एक फोटो. त्रिशलानंच मध्ये पडून ते ठरवलं होतं. आईनं हो म्हटलं, एका अटीवर, की एकच काढायचा आणि तिला दाखवायचा नाही. आज चार वाजल्यापासून घराच्या पुढच्या सोप्यात बसते म्हणाली.

तो फोटो जिनदत्तला फिल्मवरच हवा होता. वारलेल्या वडिलांचा हार घातलेला फोटो सोप्यात होता, तीस वर्षांपूर्वी मास्तरांनी फिल्मवर काढलेला. त्याच्या शेजारी तसाच, त्याच काळ्यापांढऱ्या रंगातला आईचा.

हे त्यानं सांगितलं तेव्हा मास्तर पहिल्यांदा थांबले. चिमटा खाली ठेवला.

"शेजारी लावणार."

"हो."

"हारपण घालणार काय?"

जिनदत्तचा चेहरा उतरला. मग तापला. तो म्हणाला, की हे बोलायला सोपं आहे, तुमची आई नाही चाललेली.

बाहेर कुणीतरी भोपळ्यावर टकटक करून बघत होतं…

"बरं, तुला पिस्तूल का पाहिजे ते सांग," मास्तर म्हणाले.

जिनदत्तला तेवढंच हवं होतं. तो धडाधड बोलत सुटला. हे सगळ्यांत अचूक. अमुक इतक्या अंशांत मोजतं. सोप्यात उजेड एका बाजूनं येतो, खांबाची सावली आडवी येते. याच्यानं कपाळ वेगळं मोजता येईल, गाल वेगळा, साडी वेगळी. आणि मुख्य म्हणजे आपली जागा सोडावी लागत नाही. दहा हातांवर तिपाई लावली, की तिथूनच सगळं.

"साडी मोजलीस?"

यावर मात्र जिनदत्तनं नजर टेबलाकडे वळवली. कारण त्या साडीवरून घरात महाभारत झालं होतं.

व्रत घेतल्यापासून आई पांढरंच नेसायची. आता पांढऱ्यावरचा उजेड कसा उतरतो ते बघावं म्हणून त्याला चाचणी घ्यायची होती. त्रिशलाला म्हणाला, पांढरी नेसून जरा उभी राहा. तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की तो विषय तिथंच मिटला. मग कपाटात दोन नव्या कोऱ्या साड्या दिसल्या, पांढऱ्याशुभ्र. त्यातली एक त्यानं अंगणात दोरीवर टाकली आणि आपल्या त्या जुन्या मीटरनं मोजून चार फोटो काढले.

त्या दीक्षेच्या साड्या होत्या. गाळलेल्या पाण्यात धुऊन, सोवळ्यानं वाळवून, घडी करून ठेवलेल्या. याच्या हाताला सकाळच्या चपलेची धूळ, कमरेला बेल्ट, तोही चामड्याचा. त्रिशला कपाळाला हात लावून बसली. आता एवढ्या घाईत पुन्हा सगळं करायचं, आणि महाराजांना काय सांगायचं, आणि तुम्हाला एवढंही कसं कळत नाही, असं ती बराच वेळ बोलत होती. आईनं साडी दोरीवरून काढली, वास घेतल्यासारखी नाकापाशी नेली आणि म्हणाली, धुऊ या, ऊन आहे.

"आणि फोटो?" मास्तरांनी विचारलं.

जिनदत्तनं खिशातून एक प्रिंट काढली आणि नाइलाजानं टेबलावर ठेवली.

दोरीवरची साडी राखेसारखी दिसत होती. जणू चुलीतल्या राखेचा पडदा वाळत घातलाय.

"मशीन बिघडलंय म्हणून तर दुसरं आणलं," तो म्हणाला. "हे नवं आहे. याच्यावर तसं नाही व्हायचं."

मास्तर उठले. खुंटीवरची काळी छत्री काढली आणि आपला पांढरा रुमाल तिच्यावर टाकला. बघ म्हणाले.

जिनदत्तनं पिस्तूल डोळ्याला लावलं. आधी रुमालावर, मग छत्रीवर. आकडे वाचले. मनातल्या मनात हिशेब केला, कपाळाला आठी पडली. परत वाचले.

"काय सांगतंय?"

"रुमालाला उजेड कमी दे म्हणतंय. छत्रीला जास्त."

"म्हणजे फोटोत?"

"…दोन्ही राखाडी."

"बघ. बिघडलेलं नाही, भोळं आहे. ह्याला वाटतं, जगात एकच रंग असतो, राखेचा. समोरून जे परत येतं तेवढंच ह्याला कळतं. समोर कोण आहे, ते तूच सांगायचं."

जिनदत्त म्हणाला, ते त्याला ठाऊक आहे, पुस्तकात असतं, पांढऱ्याला मीटर सांगतं त्याहून उजेड दीड-दोन घरं वाढवून द्यायचा. मग पुढं तो बरंच काही म्हणाला. मास्तर ऐकत होते असं वाटत होतं. खरं तर ते पांढऱ्या घुमटाचं मीटर हातात घेऊन त्यावरची धूळ धोतराच्या टोकानं हळूहळू पुसत होते.

"हे बघितलंस?"

"ते नको. ते अंगावर पडणारा उजेड मोजतं, त्याला माणसाजवळ जावं लागतं."

"मग?"

"मग काय, जुनी पद्धत आहे ती. उगाच समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. माझ्या लग्नांत मी कधी…"

"जिनू."

लहानपणचं नाव ऐकून तो थांबला.

"तुला तिच्यावर पडतंय ते मोजायचंय, की तिच्याकडून तुझ्याकडे येतंय ते?"

जिनदत्त म्हणाला, की शेवटी दोन्ही एकच, फोटो त्याच्या जागेवरूनच निघणार ना. बोलताना तो घड्याळाकडे बघत होता. पावणेतीन वाजले होते. जायला अर्धा तास, तिपाई लावायला पाव तास.

"स्टुलावर बस," मास्तर म्हणाले.

"मास्तर, वेळ…"

"बस म्हटलं ना."

तो खिडकीपाशी स्टुलावर बसला, शाळेत बसावं तसा, गुडघे एकत्र करून. मास्तर त्याच्या अंगावर सावली पडणार नाही असे एका बाजूनं आले. इतके जवळ, की त्यांच्या अंगाचा अत्तराचा आणि मशीनच्या तेलाचा वास एकदम आला. पांढरा घुमट त्याच्या हनुवटीखाली धरला.

जिनदत्तची मान आपोआप मागे गेली.

मास्तरांचा हात तिथंच राहिला. हवेत. ना पुढं आला, ना मागं गेला…

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. हळूच जिनदत्तनं मान होती तिथं आणली. तेव्हा कुठं मास्तरांनी बटण दाबलं, काट्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"किती?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी आकडा सांगितला नाही. खुंटीवरची पिशवी काढली, तिन्ही मीटर तिच्यात घातली आणि टोपी नीट केली. "चल. मलाही वहिनींना भेटायचंय."

*

उसाच्या गाड्या चुकवत, खड्डे चुकवत जिनदत्त मोटरसायकल अशी हाणत होता, की मागं बसलेल्या मास्तरांनी दोनदा त्याच्या खांद्यावर थोपटलं. वाटेत दीक्षा महोत्सवाच्या कमानी लागल्या. एका कमानीवर आईचा फोटो होता, त्यानंच दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर काढलेला, आणि खाली बड्या मंडळींची नावं. त्यानं वेग वाढवला.

राजमतीबाई सोप्यात बसल्या होत्या. चौरंग नको म्हणून साध्या चटईवर. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, पदराखालून पिकली वेणी पुढं आलेली. हातात जपमाळ होती, ती त्यांनी बाजूला ठेवली.

मास्तरांनी उंबऱ्यातूनच हात जोडले. त्याही उठू लागल्या तेव्हा त्यांनी, बसा बसा म्हणून थांबवलं. मग दोघं असंच इकडचं तिकडचं बोलले. मास्तरांच्या मुलीचं बाळंतपण कसं झालं, गुडघे कसे आहेत, मालकांचा, म्हणजे जिनदत्तच्या वडिलांचा, फोटो काढला त्या दिवशी लाइट गेली होती आणि परसातल्या चिंचेखाली कसा काढावा लागला. राजमतीबाई हसल्या. मास्तर म्हणाले, वहिनी, माझं काही चुकलंमाकलं असेल तर… त्या म्हणाल्या, मास्तर, ते मी म्हणायचं आज. एवढंच.

मास्तर जाऊन पायरीवर बसले, अंगणाकडे तोंड करून.

तोवर जिनदत्तनं तिपाई रोवली होती. अगदी दहा हातांवर. कॅमेरा चढवला, रोल भरला. पिशवीतून पिस्तूल काढलं.

कपाळ मोजलं. गाल मोजला. पदर मोजला, मागची भिंत मोजली. आकडे हातावर पेनानं लिहून घेतले. पदराला दीड घर वाढव. पण गालावर सावली, म्हणजे कमी कर. पण कमी केलं तर डोळे बुडणार. तो खाली वाकला, उभा राहिला, परत मोजलं. तोवर आकाशात ढगाचा एक फडका सरकला आणि सगळे आकडे बदलले. हातावरचं पुसून नवं लिहिलं. ढग गेला. ते पुसून पुन्हा लिहिलं. तळहात निळा झाला.

राजमतीबाई बसून होत्या. एकदा त्यांनी विचारलं, जिनदत्त, मी इकडं बघू का तिकडं. तो म्हणाला, आहे तसंच. त्या आहे तशाच राहिल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून त्रिशला दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, अहो, पाच वाजले. तो तिच्यावर खेकसला.

त्यानं पिस्तूल परत डोळ्याला लावलं. त्या एवढ्याशा गोल भिंगातून आईचा चेहरा एकदम जवळ दिसायचा. गालावरचा तीळ, कानाच्या पाळीतलं रिकामं भोक. कुड्या कधीच काढून त्रिशलाला दिलेल्या. खाली लाल आकडा लुकलुकायचा. भिंग बाजूला केलं, की पुन्हा दहा हात.

आणि आकडा दर वेळी नवा…

त्यानं मास्तरांकडे बघितलं. ते पाठमोरे होते. अंगणात चिमण्या दाणे टिपत होत्या, त्या बघत बसले होते.

"मास्तर, किती देऊ?"

मास्तरांनी धोतराचा सोगा सावरला.

"मास्तर, सांगा की. वेळ चाललाय."

मास्तरांनी मागं न बघताच पिशवी त्याच्या दिशेनं सरकवली.

जिनदत्त उभाच राहिला. गल्लीच्या टोकाला बायकांचा आवाज येऊ लागला होता, णमोकार मंत्राचा, चालत्या पावलांच्या ठेक्यात. साडेपाचच्या आधीच निघाल्या होत्या वाटतं. त्यानं पिस्तूल तिपाईच्या खुंटीला अडकवलं आणि वाकून पिशवीत हात घातला. पांढरा घुमट बोटांना लागला.

दहा हात चालायला माणसाला किती वेळ लागावा? त्याला लागला तेवढा लागू नये.

मधल्या खांबापाशी तो थांबला. तिथूनच हात लांब करून मीटर धरून बघितलं. नाही पुरलं. आणखी एक पाऊल. मग चटईच्या कडेपाशी आला आणि गुडघे टेकले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

तिच्या अंगाला तोच वास होता, कापराचा आणि धुतल्या सुताचा.

सावली पडणार नाही असा तो एका बाजूला झाला. घुमट तिच्या हनुवटीपाशी धरला. तोंड कॅमेऱ्याकडे. पुस्तकात सांगितलंय तसं.

"हलू नको," तो म्हणाला.

ती हलत नव्हती. त्याचा हात हलत होता. घुमट तिच्या हनुवटीवर टकटक वाजायला लागला, इतका.

राजमतीबाईंनी काही न बोलता त्याचं मनगट धरलं. भाजी निवडताना देठ धरावा तसं, न दाबता, पण निसटणार नाही असं. हात स्थिर झाला, त्यानं बटण दाबलं.

तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून फिरत कानापाशी थांबली.

"कानाजवळ पिकलं की रे तुझं," ती म्हणाली. "कधी झालं हे?"

त्याला सांगायचं होतं, की झाली दोन-तीन वर्षं. त्यानं नुसतीच मान खाली घातली. मनगटावरची बोटं तशीच होती, कोरडी, ऊबदार. कितीतरी वेळ… की दोन श्वासांपुरतंच. मग तीच म्हणाली, जा, काढ आता, आणि बोटं सैल केली.

तो उठला. मागं वळून चालत तिपाईपाशी आला. आता पावलं बरी पडत होती. कॅमेऱ्यावर वाकला, भिंगावरची कडी फिरवायला अंगठा ठेवला.

आणि तसाच राहिला.

हातातल्या मीटरकडे बघितलं. बटण सुटल्याबरोबर काटा मुकाट्यानं खाली येऊन बसला होता. किती होता मघाशी? चार? आठ? त्याला काहीच आठवेना. बोटं आठवत होती. हातावरचे निळे आकडे घामानं एकमेकांत मिसळून गेले होते.

बायका अंगणाच्या फाटकाशी आल्या होत्या. त्रिशला लगबगीनं त्यांना सामोरी गेली आणि, जरा थांबा, दोन मिनिटं थांबा, असं हात जोडून सांगू लागली.

जिनदत्त पायरीपाशी आला. आवाज घोगरा झाला होता, लहान मुलानं पाटी फुटल्याचं सांगावं तसा.

"मास्तर…"

"हं."

"आकडा बघायचाच राहिला."

दस्तगीर मास्तरांनी मान वळवली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग सोप्यात चटईवर बसलेल्या राजमतीबाईंकडे, मग भिंतीवर चढू लागलेल्या उन्हाकडे.

"मग जा की परत," ते म्हणाले. "उजेड आहे अजून."